झिपऱ्याचा रंग कसा ठरतो: पाच अक्षरं, दोन नाणी आणि एक चौकटीची वही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारी-महालाच्या गर्दीत ज्यानं धक्के खाल्लेत, त्याला या विद्येची पहिली ओळ आधीच पाठ असते. काळी मारबत अन् पिवळी मारबत, मिरवणुकीतले ते दोन मोठे पुतळे. सस्तन प्राण्यांच्या केसांत रंग म्हणून जे काही असतं, ते या दोघींपुरतंच. काळं-तपकिरी द्रव्य म्हणजे युमेलॅनिन, पिवळं-तांबडं म्हणजे फिओमेलॅनिन. तिसरी मारबत नाही. पांढरा हा रंग नव्हे, तिथे कोणतीच मारबत पोचली नाही एवढाच त्याचा अर्थ.

झिपरा हा आमच्या रविवारच्या चित्रमंडळींनी बनवलेला प्राणी. कोल्ह्याएवढा, कान सशाचे, शेपूट चवरीसारखी, राहतो अंबाझरीच्या बंधाऱ्याखालच्या झुडपात आणि गळून पडलेली संत्री खातो. पाहिला कोणीच नाही. पण त्याची पिल्लावळ आम्ही कागदावर इतकी वाढवली आहे की आता नवीन येणाऱ्याला दोन झिपरे हातात देण्याआधी नियम समजावून सांगावे लागतात. दर वेळी तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून हे लिहून ठेवतो.

मंडळीचा एकच नियम आहे: प्राणी खोटा, जनुकं खरी. झिपऱ्याच्या अंगात जे घडतं ते कुत्र्या-मांजरांत, घोड्यांत, उंदरांत खरोखर घडत असलं पाहिजे. त्यामुळे जांभळा झिपरा मागू नका. मोराचा निळा दाखवून वादही घालू नका. तो पिसाच्या बारीक रचनेवरून परतणाऱ्या उजेडाचा खेळ आहे, केसांत तो सहसा जमत नाही. स्लॉथ हिरवट दिसतो तो अंगावर वाढणाऱ्या शेवाळामुळे. तेव्हा फुटाळ्याच्या काठी लोळणारा हिरवा झिपरा एक वेळ चालेल, पण तो हिरवेपणा पिल्लाकडे जाणार नाही, हे कार्डावर लिहावं लागेल.

आधी सामान

चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, एक रुपयाचं एक नाणं आणि दोन रुपयांचं एक. रंगपेट्या नंतर. नवीन माणूस आल्या आल्या रंग काढतो आणि मग त्या रंगाला शोभतील अशी जनुकं शोधत बसतो. हे उलटं आहे. आधी अक्षरं, मग नाणी, शेवटी रंग.

अक्षरं कशी लिहायची

इंग्रजी पुस्तकांत प्रभावी रूपाला मोठं अक्षर आणि अप्रभावीला लहान अक्षर देतात. आपल्या लिपीत मोठं-लहान नाही. आम्ही काना वापरतो. काना असलेलं अक्षर प्रभावी, बिनकान्याचं अप्रभावी. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक मायकडून आलेली, एक बापाकडून. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या वेगवेगळ्या रूपांना युग्मविकल्पी म्हणतात. आम्ही पत्ते म्हणतो. कारण ते वाटले जातात, आणि हातात काय आलं हे चेहऱ्यावरून दर वेळी कळत नाही.

ही लिपी ठरवली तेव्हा ठाऊक नव्हतं, पण पहिल्याच जनुकात मजा निघाली. का आणि का मिळाले तर होतो काका. का आणि क मिळाले तर काक, म्हणजे कावळा, आणि खरंच काळा! दोन्ही बिनकान्याचे तर कक. काका काळा, काक काळा, कक संत्रा. फरक इतकाच की काकच्या पोटात एक संत्रा दडलेला असतो. नवीन पोरांना हे पाच मिनिटांत पाठ होतं.

पहिलं जनुक: क, म्हणजे कळ

रंगपेशीच्या पृष्ठभागावर एक कळ असते. ती चालू झाली की पेशी काळं द्रव्य बनवते, बंद असली की पिवळं-तांबडं. खऱ्या प्राण्यांत या जनुकाचं नाव एमसी१आर. ज्याच्या दोन्ही प्रतींमध्ये ही कळ मोडकी आहे, त्याच्या केसात काळं येतच नाही. पिवळा लॅब्राडॉर असाच, तांबडा घोडाही असाच. आपला कक झिपरा असाच संत्रा. त्याच्या बाकीच्या जनुकांत काळ्याविषयी काहीही लिहिलेलं असो, केसापर्यंत ते पोचत नाही.

दोन काक एकत्र आले की काय होतं ते वहीत चौकट आखून बघा. वरती बापाचे पत्ते का, क. डावीकडे मायचे का, क. चार घरं भरा: काका, काक, काक, कक. तीन काळे, एक संत्रा. दोन काळ्यांच्या पोटी संत्रा पिल्लू येऊ शकतं. दोन संत्र्यांच्या पोटी काळं येऊ शकत नाही, कारण देणार कोण?

हे वाक्य मला एका मुलीनं शिकवलं. पहिल्या वर्षी मी कार्डांवर फक्त रंग लिहिले होते, अक्षरं नव्हती. कोणाचं पिल्लू कोणत्या रंगाचं हे मी अंदाजानं, थोडं लाडानं, वाटत होतो. एका पोराला काळं पाहिजे होतं, त्याच्या दोन संत्र्यांना मी काळं पिल्लू देऊन टाकलं. शेजारी बसलेली दहावीची मुलगी म्हणाली, "सर, दोन ककच्या घरी का कुठून आला बापा?" मागून आवाज आला, "शेजारून." अख्खी खोली हसली. मी ते कार्ड फाडलं, आणि त्या महिन्याची सगळी कार्डं पुन्हा लिहिली. तेव्हापासून अक्षरांशिवाय कार्ड हातात देत नाही.

दुसरं जनुक: प, म्हणजे पट्टा

इथे थांबा आणि खरा केस बघा. घरी किंवा शेजारी पट्टेरी राखाडी मांजर असेल तर तिच्या पाठीचा गळालेला एक केस घ्या, पांढऱ्या कागदावर ठेवा, भिंग धरा. टोक काळं. त्याच्याखाली एक पिवळसर पट्टा, जणू कोणी त्याच जागी हळद लावली. खाली पुन्हा गडद. एकच केस, पण वाढता वाढता मधेच काळं थांबलं, पिवळं आलं, मग परत काळं. ससा, खार, कोल्हा यांचे बरेच केस असेच. दुरून सगळं मिसळून मातकट दिसतं आणि वाळक्या गवतात प्राणी दिसेनासा होतो.

हे काम करणाऱ्या जनुकाचं खरं नाव अगूती. त्याचं प्रथिन कळीवर येऊन बसतं आणि तेवढा वेळ तिला बंद ठेवतं. आपल्या झिपऱ्यात पा असला, म्हणजे पापा किंवा पाप, तर केसावर पट्टा येतो. या रंगाला आम्ही मुरमाडी म्हणतो, उमरेड रोडच्या मुरमासारखा दिसतो म्हणून. पप असला तर पट्टाच नाही, केस मुळापासून टोकापर्यंत काळा. (होय, पाप लपलेलं असतं. हा विनोद तुमच्या आधी प्रत्येकानं केलेला आहे.)

आता दोन्ही जनुकं जोडा, कारण खरी गंमत जोडण्यात आहे. अगूती कळ बंद करतं. पण कळ आधीच मोडकी असेल तर बंद काय करणार? म्हणून ककच्या अंगावर पापा, पाप, पप काहीही असो, तो संत्राच दिसतो. मुरमाडीचं बीज संत्र्याच्या आत वर्षानुवर्षं बसून राहू शकतं.

एक काळा झिपरा घ्या, काका पप. एक संत्री झिपरी घ्या, कक पापा. दोघांचं प्रत्येक पिल्लू काक पाप होणार. म्हणजे माय संत्री, बाप काळा आणि पिल्लं झाडून सगळी मुरमाडी. नवीन माणूस इथे वही आपटतो आणि म्हणतो चूक झाली. चूक नाही. काळ्यानं चालू कळ दिली, संत्रीनं पट्टा दिला, आणि दोघांकडे अर्धा-अर्धा असलेला रंग पिल्लात पुरा झाला. घोड्यांतही तांबडी घोडी आणि काळा घोडा यांना कुमैत, म्हणजे तपकिरी अंगाचं अन् काळ्या आयाळीचं, शिंगरू होऊ शकतं, ते याच हिशोबानं.

आता या मुरमाडी पिल्लांना मोठं होऊ द्या आणि दोन मुरमाडी काक पाप एकत्र आणा. चौकट सोळा घरांची होईल. आळस न करता एकदा हातानं भरा. नऊ मुरमाडी, तीन काळे, चार संत्रे. मेंडेलच्या वाटाण्यात 9:3:3:1 असं येतं हे शाळेत पाठ केलेलं असतं; इथे शेवटचे तीन आणि एक मिळून चार झाले, कारण पट्टेवाला संत्रा आणि बिनपट्ट्याचा संत्रा डोळ्यांना एकच. एका जनुकानं दुसऱ्याला असं झाकून टाकण्याला प्रभाविता म्हणू नका. प्रभाविता एकाच जनुकाच्या दोन पत्त्यांमधली असते, हे झाकणं दोन वेगळ्या जनुकांमधलं. परीक्षेतही इथेच गुण जातात.

जाता जाता: काळा बिबट्या आणि काळा जग्वार दिसायला सारखे, पण हिशोब उलटे. बिबट्यात काळेपणा अगूतीच्या बिघाडातून येतो आणि अप्रभावी आहे, आपल्या पपसारखा. जग्वारमध्ये तो एमसी१आरच्या बदलातून येतो, कळ चालूच राहते, आणि तो प्रभावी आहे. रंग बघून जनुक सांगू नये ते यासाठी.

नाणी कशी उडवायची

एक रुपया मायचा, दोन रुपये बापाचे. छापा आला तर कान्याचा पत्ता गेला, काटा आला तर बिनकान्याचा. ज्याचे दोन्ही पत्ते सारखे त्याच्यासाठी नाणं उडवू नका, वेळ जातो. प्रत्येक जनुकासाठी आणि प्रत्येक पिल्लासाठी नव्यानं उडवायचं. आधीचं पिल्लू संत्रा आलं म्हणून पुढचं काळं येणारच असं नाण्याला ठाऊक नसतं.

याच जागी सगळ्यात जास्त भांडणं होतात. "तीनाला एक म्हणता, मग माझ्या चार पिल्लांत एकही संत्रा काहून नाही?" कारण तीनाला एक हे प्रत्येक पिल्लाचं स्वतंत्र नशीब आहे, वेताचं नाही. दोन काकच्या चार पिल्लांच्या वेतात एकही संत्रा नसण्याची शक्यता 256 पैकी 81, म्हणजे जवळपास दर तिसऱ्या वेतात असं होणार. रागावून नाणं बदलू नका.

आणखी एक बारकावा. दोन जनुकांसाठी वेगवेगळी नाणी उडवणं म्हणजे ती जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत असं धरणं. एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेली जनुकं बहुधा एकत्रच जातात, बस स्टँडवरच्या जोडप्यासारखी. झिपऱ्याची पाचही जनुकं आम्ही मुद्दाम वेगळ्या गुणसूत्रांवर ठेवली आहेत. नव्यांना एवढं पुरे.

त आणि फ, थोडक्यात

त म्हणजे तपकिरी. ताता आणि तात असले तर काळं काळंच राहतं, तत असला तर काळ्याची चॉकलेटी होते. पिवळ्यावर याचा परिणाम नाही. पण नाकाकडे बघा! संत्रा झिपरा तत असेल तर केस संत्रीच, नाकाचा शेंडा मात्र काळा न राहता तपकिरी. पिवळ्या लॅब्राडॉरमध्ये हे दिसतं. आमच्याकडे नाक रंगवायला विसरणाऱ्याचं कार्ड परत जातं.

फ म्हणजे फिका. फाफा किंवा फाफ (पोरांना इथे हमखास क्रिकेट आठवतं) असला तर रंग भरून येतो. फफ असला तर रंगाचे कण केसात नीट पसरत नाहीत, गुठळ्या होतात, आणि रंग विरजल्यासारखा दिसतो. काळा राखी होतो, संत्रा सायीच्या रंगाचा होतो, चॉकलेटी फिकट जांभळट-तपकिरी. मांजरं पाळणारे राखीला निळं म्हणतात. आम्ही राखीच म्हणतो, कारण निळं म्हटलं की कोणीतरी निळी रंगपेन्सिल काढतंच.

म: पांढरे ठिपके, आणि इथे नियम थोडा वेगळा

मम असला तर पांढरं नाही. माम असला तर पंजे, पोट, कपाळावर टिळा आणि शेपटीचं टोक पांढरं. मामा असला तर अंगाचा बराच भाग पांढरा, कानांजवळ आणि शेपटीजवळ रंगाचे तुकडे. एका पत्त्यानं थोडं, दोघांनी जास्त. याला अपूर्ण प्रभाविता म्हणतात. मांजरांत पांढरेपणा साधारण असाच चढत जातो.

पांढरं पंज्यांवर आणि कपाळावरच का येतं? गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून दोन्ही बाजूंनी खाली चालत येतात. कमी निघाल्या किंवा उशिरा निघाल्या, तर सगळ्यात दूरची टोकं रिकामी राहतात. आपल्या विदर्भातल्या नागपुरी म्हशीकडे बघा: अंग काळं, आणि कुणाच्या तोंडावर, कुणाच्या पायांवर, कुणाच्या शेपटीच्या टोकाला पांढरं. म्हणून झिपऱ्याच्या पाठीच्या मधोमध एकच पांढरा गोल काढून "माम" लिहिणाऱ्याला आम्ही म्हशीच्या गोठ्यात पाठवतो. ठिपक्यांची नेमकी जागा मात्र नाण्यावर नाही, हातावर सोडा. एकाच वेतातल्या दोन मामचे टिळे कधी सारखे नसतात.

कार्ड वाचायचा क्रम

कार्ड असं असतं: काक पप तात फफ माम. आधी क बघा. कक असेल तर प सोडून द्या. नसेल तर प बघून मुरमाडी की काळा ते ठरवा. मग त. मग फ. सगळ्यात शेवटी म, पांढरा चुना वरून मारल्यासारखा. वरचं कार्ड: काळा, पट्टा नाही, चॉकलेटी नाही, फिका झाल्यानं राखी, पंजे पांढरे. क्रम बदलला तर उत्तर बदलत नाही, पण डोकं फिरतं.

पोटात काय आहे ते कसं काढायचं

बाजारातून काळा झिपरा आला (आमचा बाजार म्हणजे महिन्याच्या शेवटच्या रविवारी कार्डांची अदलाबदल) आणि मालक म्हणतो काका आहे. विश्वास ठेवू नका, त्याला संत्र्याशी जुळवा. एक जरी संत्रा पिल्लू आलं तरी तो काक, वाद संपला. सगळी काळी आली तर? काक असूनही पाच पिल्लं सलग काळी येण्याची शक्यता 32 पैकी 1. सात असली तर 128 पैकी 1. आम्ही सात पिल्लांनंतर काका मान्य करतो. तोवर कार्डावर का? असंच लिहायचं, प्रश्नचिन्हासकट.

नव्यांनी अजून हात लावू नये असं

घातक जनुक. 1905 मध्ये ल्युसियाँ क्युएनोला दिसलं की पिवळ्या उंदरांच्या जोड्यांना तीनाला एक नव्हे, दोनाला एक अशी पिल्लं होतात. पिवळ्याचे दोन्ही पत्ते मिळालेली पिल्लं गर्भातच मरतात हे नंतर कळलं. आम्ही एकदा तसा सोनेरी झिपरा आणला. हिशोब झकास होता, पण दर वेतात एक चौकट काळी करायची वेळ आली की लहान पोरं रुसून बसायची. काढून टाकला.

लिंगाशी जोडलेला रंग, म्हणजे तिरंगी मांजरीसारखा. मेरी लायन यांनी 1961 मध्ये मांडलं की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स गुणसूत्र निजतं. कुठे काळं जागं, कुठे संत्रं, म्हणून ठिपके. सुंदर आहे, पण नर-मादीची नाणी वेगळी मोजावी लागतात. दुसऱ्या वर्षी.

आणि सयामी मांजरासारखा रंग, ज्यात रंग बनवणारं प्रथिन फक्त अंगाच्या थंड भागांत चालतं: कान, नाक, पंजे, शेपटी. एका पोरीनं विचारलं होतं, नागपूरच्या मे महिन्यात असा झिपरा पांढराफटक होऊन जाईल का? पूर्ण नाही, पण फिकट राहील. थंडीत चिखलदऱ्याला नेला तर नवे केस गडद येतील. त्यासाठी प्रत्येक कार्डावर पत्ता आणि ऋतू लिहावा लागेल, आणि तेवढा उत्साह अजून कोणात नाही.

घरी सोडवायला

माय राखी, अंगावर पांढरं कुठेच नाही. बाप मुरमाडी, तोही बिनपांढऱ्याचा. चार पिल्लं: एक मुरमाडी, एक काळं, एक संत्रं, एक सायीच्या रंगाचं; तपकिरी नाक एकाचंही नाही. आई-बापाची कार्डं लिहा.

अडलात तर असं चाला. संत्रं आलं, म्हणजे दोघांनी क दिला: माय काक, बाप काक. माय राखी आहे, म्हणजे तिला पट्टा नाही: पप. बाप मुरमाडी असून पिल्लू काळं आलं, म्हणजे त्यानंही प दिला: पाप. राखी म्हणजे माय फफ. साय आली, म्हणजे बापाकडेही एक फ होता, आणि तो स्वतः फिका नाही: फाफ. पांढरं नाही, दोघेही मम. राहिला त. चारही पिल्लांची नाकं काळ्या कुळातली आहेत, सायीच्या पिल्लाचं जरा फिकं, पण तपकिरी एकही नाही. म्हणून मायच्या कार्डावर ता?, बापाच्याही कार्डावर ता?. प्रश्नचिन्ह पेन्सिलीनं लिहा, पुढच्या वेतात एखादं चॉकलेटी निघालं तर खोडायला लागेल.